भेंडीवरची कीड : कोणती, केव्हा आणि कोठून



उसाचे पैसे वर्षाकाठी येतात, घरखर्च मात्र रोजचा. म्हणून चारठाणा परिसरात विहिरीच्या पाण्यावर दहा-वीस गुंठे भेंडी केली जाते. सुरू लागणीच्या उसात सरीच्या बगलेलाही ती टोकता येते. पण दर पंधरवड्याला पंप पाठीवर घ्यायचा, ही रीत बरोबर नाही. कीड आपलं पंचांग पाहत नाही. पिकाचं वय आणि हवा पाहते.

जून-जुलैत टोकलेल्या भेंडीवर दोन-तीन आठवड्यांतच मावा व तुडतुडे दिसू लागतात. तुडतुडा पानाखाली बसतो, हात लावला की तिरका चालतो. पानाच्या कडा पिवळ्या पडून वळतात, पुढे विटकरी होतात. जोराचा पाऊस झाला की ही कीड धुऊन जाते, ऑगस्टात उघडीप पडली की पुन्हा फोफावते. येते कोठून? बहुतेक वेळा शेजारच्या पऱ्हाटीतून. भेंडी, कापूस, अंबाडी ही एकाच कुळातली भावंडं. २००२ पासून आलेल्या बीटी कापसाने बोंडअळ्यांना अटकाव केला, तरी रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा उपयोग नाही. तेव्हा पऱ्हाटीला लागून भेंडी नकोच.

फळ पोखरणारी अळी म्हणजे कापसावरची ठिपक्यांची बोंडअळीच. पाचव्या-सहाव्या आठवड्यात, फळ धरण्याआधी, एखादा शेंडा मान टाकतो. पाणी कमी पडलं असेल म्हणून आपण पुढे जातो, आणि तिथेच फसतो. तो शेंडा चिरून पाहा, आत अळी सापडेल. असे शेंडे खुडून खोल पुरावेत. एकदा ती फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. खरिपात हिचा खरा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर.

उन्हाळी भेंडीचं दुखणं वेगळं. मार्चपासून ऊन वाढलं की पांढरी माशी वाढते, एप्रिल-मेमध्ये लाल कोळीही येतो. माशी रस शोषते ते सोसता येईल, पण ती केवडा रोग पसरवते. शिरा पिवळ्या पडलेलं झाड कोणत्याही औषधाने बरं होत नाही, दिसताच उपटावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ साली दिलेला 'परभणी क्रांती' हा वाण यासाठीच नावाजला. पुसा सावनीचा रानभेंडीच्या एका जातीशी संकर करून तो काढलेला. आता त्याची ताकद पूर्वीइतकी राहिलेली नाही, म्हणून माशीवर नजर हवीच. वितीभर उंचीवर पिवळे चिकट सापळे लावावेत, पीक वाढेल तसे वर घ्यावेत.

ऊसवाल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. उसातल्या खोडकिडीसाठी आपण ट्रायकोकार्ड लावतो. त्यातली बारीक गांधीलमाशी भेंडीच्या अळीच्या अंड्यांतही आपली अंडी घालून ती नासवते. उसातल्या भेंडीवर जहाल औषध मारलं की ती मरते, म्हणजे भेंडी वाचवताना ऊस उघडा पडतो. शिवाय पायरेथ्रॉईड गटाची औषधं वारंवार मारल्यास पांढरी माशी आणि कोळी उलट वाढतात.

त्यामुळे आधी पानं उलटून पाहावीत. पानामागे दोन-तीन तुडतुडे दिसू लागले की पाच टक्के निंबोळी अर्क मारावा : ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाणी करायचं. संध्याकाळी फवारावं. रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर आधी तोडा करावा, मग फवारणी. डब्यावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत तयार झालेली भेंडी तोडून खड्ड्यात टाकावी, बाजारातही नेऊ नये आणि घरातही शिजवू नये.