ऊसदर, नफा आणि आयकराची बाकी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. पण पाटस, वरवंड, कानगाव भागात शिवारफेरीला गेलो की माती परीक्षण राहते बाजूला आणि प्रश्न निघतो तो असा : “साहेब, उसाचं बिल म्हणजे शेतीचं उत्पन्न. त्याला आयकर नाही. मग राज्यातल्या कारखान्यांवर हजारो कोटींची आयकराची बाकी निघाली होती, ती कशाची?” प्रश्न रास्त आहे. हिशेबाचा विषय असला तरी तो आपल्या ऊसदराशी थेट जोडलेला आहे, म्हणून या वेळी तोच घेतला आहे.

पहिली गोष्ट, सभासदाच्या हातात पडलेले ऊसबिल करमुक्तच होते व आहे. कर मागितला गेला तो कारखान्याकडे. कारखाना सहकारी असला, तरी आयकर खात्याच्या लेखी तो एक स्वतंत्र करदाता. साखर, मळी, बगॅस विकून आलेल्या पैशातून खर्च वजा जाता उरेल तो नफा, आणि नफ्यावर कर. या खर्चात सर्वांत मोठी रक्कम उसाच्या किमतीची. ती किती धरायची? इथेच घोडे पेंड खाते.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे केंद्र सरकार उसाची किमान वैधानिक किंमत ठरवत असे. १९७४ साली त्यात कलम ५-अ आले. हंगामात साखरेला जादा पैसे मिळाले, तर त्यातला वाटा ऊस उत्पादकाला जादा किमतीच्या रूपाने द्यावा, असा त्याचा मतलब. आपल्या महाराष्ट्रात रीत पडली ती अशी : पहिली उचल, मग दुसरा हप्ता, आणि गळीत संपून हिशेब लागल्यावर सरकारच्या मंजुरीने अंतिम दर. जुन्या सभासदांना हे सांगायला नको.

आयकर खात्याने यातली किमान किंमत तेवढी खर्च म्हणून मान्य केली. त्यावरचा फरक हंगाम संपल्यावर, ताळेबंद पाहून ठरतो, सबब ती नफ्याची वाटणी आहे आणि त्यावर कर भरा, असे खात्याचे म्हणणे.

नुसत्या समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. आकडे कोणत्याही कारखान्याचे नाहीत. गाळप ४ लाख टन. किमान किंमत टनाला १,००० रुपये, दिलेला अंतिम दर १,४०० रुपये. फरक टनामागे ४०० रुपये, म्हणजे एकूण १६ कोटी. हे १६ कोटी सभासदांच्या घरी जाऊन विहिरीला, मोटारीला, लेकीच्या लग्नाला खर्चूनही झाले. कारखान्याच्या तिजोरीत त्यातला रुपया नाही. तरी तो नफा धरून ३० टक्क्यांनी कर काढला, तर ४ कोटी ८० लाख होतात. थकलेल्या रकमेला दरमहा १ टक्का सरळ व्याज धरले, तर दहा वर्षांत व्याजच ५ कोटी ७६ लाख. व्याज मुदलाच्या पुढे गेले! हे एका हंगामाचे झाले. असे कित्येक हंगाम साचले, म्हणजे बाकी एवढी का फुगली ते ध्यानात येईल.

आम्हाला विचाराल, तर खात्याचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. नफा उसाच्या दरात मिसळून वाटता येतो, हे कोण नाकारील? पण सगळाच फरक नफा कसा? तोच दर बिगर सभासदाच्या उसालाही दिला जाई. ज्याचा शेअर नाही, त्याला लाभांश कसला?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सातपुडा तापी परिसर कारखान्याच्या दाव्यात २०१० साली ते फेरतपासणीसाठी खाली पाठवले गेले. पुढे ५ मार्च २०१९ रोजी तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या दाव्यात निकाल लागला. पूर्ण फरक नफा म्हणता येणार नाही. दर ठरवताना सरकारपुढे ठेवलेले हिशेब तपासून त्यात नफ्याचा जेवढा अंश असेल तेवढाच वेगळा काढावा, बाकीचा खर्च धरावा, असा त्याचा सारांश. निकाल चांगला, पण जुने हिशेब उकरणे आले. सभासदांना सवलतीत दिलेल्या साखरेचेही तसेच. कृष्णा कारखान्याच्या दाव्यात २०१२ साली तो प्रश्नही फेरतपासणीला गेला. दिवाळीच्या साखरेवरसुद्धा दिल्लीत वाद व्हावा, याची आम्हाला तरी गंमत वाटते.

मधल्या काळात कायदाही बदलला. ऑक्टोबर २००९ मध्ये किमान किमतीच्या जागी एफआरपी आली (त्या हंगामाला ९.५ टक्के उताऱ्यास क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे) आणि ५-अ कलम गेले. २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंतची ऊस किंमत सहकारी कारखान्यांना खर्च म्हणून मिळू लागली, पण ती २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापासून पुढे. ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने राज्य सरकारने ठरवलेला दरही यात येतो, असे स्पष्ट केले. मागची बाकी मात्र डोक्यावर तशीच होती. ती १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात हलली. जुन्या वर्षांसाठीही हीच सवलत मिळाली आणि सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले.

पण बाकी आपोआप पुसली जात नाही, बरं का. कारखान्याने प्रत्येक वर्षासाठी अर्ज करायचा, त्यावर आयकर अधिकारी फेरहिशेब करणार. कायद्याने यासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंतची मुदत धरली आहे. अर्जासोबत दर मंजूर असल्याचा दाखला लागतो, आणि अडचण तिथेच येते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे मंजुरीचे पत्र, संचालक मंडळाचा ठराव, ऊसबिलांचे रजिस्टर वाळवीने खाल्ले असेल तर काय दाखवणार? म्हणून वार्षिक अहवाल हाती आला की दराचे पान पाहून तो मिटू नका. ताळेबंदाच्या टिपांत ‘संभाव्य देणी’ म्हणून मजकूर असतो, तिथे आयकराची रक्कम किती व कोणत्या वर्षाची ते पाहा, आणि अर्ज झाला का, असे सभेत विचारा. दर वाढवून मागण्याचा हक्क आपला आहेच. पण मंजूर दराच्या वर दिलेला पैसा आजही नफ्यात धरला जाऊ शकतो, तेव्हा दराबरोबर मंजुरीच्या कागदाचीही चौकशी करावी.

जाता जाता एक. बिलातून कपात होऊन जमा झालेल्या ठेवीवर व्याज मिळत असेल, तर ते व्याज शेतीचे उत्पन्न नाही. घरात कोणी कुरकुंभला नोकरीला असेल व आयकराचे विवरणपत्र भरत असेल, तर त्याच्या नावच्या ठेवीचे व्याज त्यात दाखवावे लागते. व्याजाचा दाखला मागून घ्या आणि वजनपावत्या व बिलांच्या फायलीतच लावून ठेवा.