गोष्ट वाचली, पण कळली काय?

मी चौथीत असतानाची गोष्ट आहे. वडिलांनी कर्जाविषयीचा एक छापील कागद घरी आणला. आमच्या घरात तोवर कोणी शाळा पुरी केलेली नव्हती, तेव्हा वाचण्याचा मान माझा. ओट्यावर पाचसहा माणसे बसलेली. मी ‘उपरोक्त’, ‘सदर’, ‘विहित मुदतीत’ असे शब्द एकदाही न अडखळता खणखणीत वाचून दाखविले. सर्वांनी कौतुक केले. मग वडिलांनी विचारले, “बरं, म्हंजी आता काय करायचं?” मला सांगता येईना. मी तोच कागद पुन्हा वाचला. पुढे ती मुदत निघून गेली आणि वडिलांना भुर्दंड पडला. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीपासून मी संध्याकाळी आमच्या ओट्यावर पहिली ते तिसरीची अकरा मुले घेऊन बसतो. काही गावातली, काही शेजारच्या तांड्यावरची. पहिल्याच दिवशी दुसरीतील एका मुलीने चिऊ-काऊची गोष्ट भराभर वाचली. मी विचारले, “काऊचे घर कशाचे?” “शेणाचे.” “चिऊचे?” “मेणाचे.” शाबास! “मग काऊचेच घर का वाहून गेले?” मुलगी गप्प. तिने पुन्हा पुस्तकात बोट ठेवले आणि उत्तर शोधू लागली. तिथे ते छापलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी एक गंमत केली. फळीवर लिहिले, ‘लोबट्या झिपरात गेला आणि त्याने टुमका आणला.’ या शब्दांना काहीही अर्थ नाही, ते मी मनानेच जुळविले होते. कोण गेला? कोठे गेला? काय आणले? अकराही मुलांनी बरोबर उत्तरे दिली. म्हणजे अर्थ न कळता गुण मिळविता येतात. आपल्या किती धड्यांखालचे प्रश्न याच जातीचे असतात, ते वाचकांनी घरचे जुने पुस्तक काढून पाहावे. “लोबट्या कशासाठी गेला असेल?” असे विचारताच मात्र सगळी पोरे एकमेकांकडे पाहून हसू लागली.

२००५ पासून ‘असर’ची पाहणी खेड्यापाड्यांतील मुलांचे वाचन तपासते. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि शेवटची पायरी दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल ती मोठ्याने वाचून दाखविते. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ने दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असे ठरविले. आकडा सर्वांच्या ध्यानात राहतो, ‘समजून’ हा शब्द मात्र मागे पडतो. वेग निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. एकेक अक्षर जुळवीत जाणारे मूल वाक्याच्या शेवटी येईपर्यंत आरंभ विसरून जाते. पण वेग आला की अर्थ आपोआप येतो, हे खरे नव्हे. माझेच उदाहरण वर दिले आहे.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती गोष्ट सांगू लागली म्हणजे ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हटलेच पाहिजे. ‘हूं’ थांबला की गोष्ट थांबली. मध्येच ती विचारी, “आता काहून रडली असंल ती?” ही युक्ती तिला कोणत्याही डी. एड. कॉलेजात कोणी शिकविली नव्हती. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकही चौथीच्या दंगेखोर वर्गाला आधी गोष्टच सांगतो. मुले ऐकता ऐकता पुस्तकाकडे वळतात.

मीही क्रम बदलला. पुस्तक उघडण्यापूर्वी चित्रावर बोलायचे. मग मी वाचायचे, मुलांनी ऐकायचे. एका जागी पुस्तक मिटायचे आणि ‘आता काय होईल?’ असे विचारायचे. एकदाच थांबावे, दर ओळीला थांबलो तर मुले कंटाळतात, हे मी चुकून शिकलो. त्यानंतर मुलांनी स्वतः वाचायचे, आणि शेवटी ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत गोष्ट सांगायची.

ही शेवटची सवलत फार कामाची ठरली. तांड्यावरचा एक मुलगा महिनाभर तोंड उघडत नव्हता. मी त्याला मंद समजत होतो, हे कबूल केले पाहिजे. त्याच्या घरी आईला ‘याडी’ म्हणतात, सगळे बोलणे गोरमाटीत. आणि पुस्तक मराठीत. त्या दिवशी तो गोरमाटीत सुटला तो थांबेचना. दुसऱ्या पोराने आम्हाला मराठीत सांगितले. याचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि हा त्यांच्याबरोबर कोपीत राहतो. अवकाळी पाऊस आला की कोपीत पाणी कसे शिरते, पाचट कसे भिजते, ते त्याने सांगितले. शेण पाण्याने विरघळते, मेण विरघळत नाही, म्हणून काऊचे घर गेले. एवढ्यावर न थांबता तो म्हणाला की, उन्हाळ्यात चिऊचेही घर वितळेल, मग तिला काऊकडे जावे लागेल. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो, पण ही शक्यता माझ्या कधी मनात आली नव्हती.

त्यावर चिऊने दार लवकर उघडायला हवे होते की नको, असा वाद पेटला. दोन मुली चिऊच्या बाजूने भांडल्या. बाळाला अंघोळ घालताना दार कसे उघडणार, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी दिवे लागले तरी कोणी घरी जाईना.

दसऱ्यानंतर तो मुलगा आईबापांबरोबर कारखान्याकडे गेला. जाताना मी त्याला गोष्टींचे एक लहान पुस्तक दिले. मराठीतले आहे, पण चित्रे मोठी आहेत. रोज थोडे वाच आणि याडीला गोरमाटीत सांग, असे त्याला बजावले आहे. त्यात सात गोष्टी आहेत. तो उन्हाळ्यात परत येईल, तेव्हा निदान दोन तरी त्याच्याकडून ऐकायच्या आहेत.