सातबारा पतीच्या नावावर, फोन माझ्या हातात

प्रश्न : जमीन मालकांच्या नावावर आहे, पण शेत मीच बघते. ते ऊसतोडीला गेले, मी लेकरांच्या शाळेसाठी मागे राहिले. रब्बीची ज्वारी-हरभरा उभा आहे. सातबाऱ्यावर नाव नसताना ई-पीक पाहणी माझ्या फोनवरून चालेल का?
— एक शेतकरी भगिनी, ता. केज, जि. बीड

उत्तर : ताई, चालेल. फोन खातेदाराचाच हवा, हा गैरसमज आहे. 2021 पासून राज्यभर सुरू असलेल्या ई-पीक पाहणी अ‍ॅपमध्ये एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची पाहणी होते. पतींचे नाव किंवा गट क्रमांक निवडा आणि पीक भरा. फोटो मात्र शेतात उभे राहूनच काढा. अ‍ॅप तुमचे ठिकाण तपासते. चूक झाली तर 48 तासांत दुरुस्ती करता येते. अडलेच तर तलाठ्यांना भेटा, पण मुदत संपायच्या आत.

सावधगिरी एवढीच : अ‍ॅप मोफत आहे, ते प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर अनुदानाच्या नावाने आलेली फाइल उघडू नका, बँकेचा ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर कळवा.

पाहणीने पीक नोंदले जाते, मालकी बदलत नाही. सातबाऱ्यावर तुमचेही नाव हवे असेल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पतींनी अर्ज करावा.