ओळखीचा पत्रा, अनोळखी धोका : ब्रह्मपुरीहून ऑस्ट्रेलियात आलेल्यांसाठी

ब्रह्मपुरीकडच्या माणसाला सिमेंटच्या पत्र्याची भीती वाटत नाही. माकडं कवेलू फोडू लागली, पावसाळ्याआधी ती फेरायला माणूस मिळेना, तेव्हा घराघरांवर हेच पत्रे चढले. गोठ्यावर तेच, धानाच्या कोठारावरही तेच. आपण त्याला बोल्टसाठी भोक पाडतो, करवतीनं कापतो, फुटका तुकडा आडोशाला लावतो. त्यात साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. ऑस्ट्रेलियात जुनं घर घेणाऱ्याला हीच सलगी सर्वांत महागात पडू शकते, असं इथं स्थिरावलेल्या आम्हा साऱ्या घरांचं मत आहे.

ऑस्ट्रेलियात 31 डिसेंबर 2003 पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. मात्र बंदीमुळे जुन्या भिंतीतलं ॲस्बेस्टॉस नाहीसं झालेलं नाही. सरकारी अंदाजानुसार दर तीन घरांपैकी एकात ते आहे. घर 1990 पूर्वीचं असेल, तर ते आहेच असं धरून चाला. नुसतं छप्पर बघून थांबू नका. न्हाणीघरातल्या टाइल्सच्या मागचा तक्ता, छपराच्या कडेखालचे सपाट पांढरे पत्रे, व्हायनिलच्या जुन्या फरशीचं अस्तर, विजेच्या मीटरमागची काळी पाटी, गॅरेज, कुंपण, सगळं तपासा. डोळ्यांनी खात्री होत नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या ‘नाटा’ या संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा लागतो. खरेदीआधीच्या इमारत-तपासणीत हे सहसा धरलेलं नसतं, म्हणून आधीच वेगळं सांगा.

अखंड, रंगवलेला पत्रा भिंतीवर शांत असेल, तर त्याला हात लावू नका. धोका धुळीत आहे. ड्रिल, पॉलिश पेपर, करवत, जोराच्या फवाऱ्याची धुलाई यांनी डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात रुतून बसतात. मेसोथेलिओमासारखा कर्करोग बहुतेक वेळा 20 ते 40 वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा उघड होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1995 च्या निकालात ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं जपायला सांगितल्या, त्याचं कारण हेच. तेव्हा ‘गावाकडं इतकी वर्षं राहिलो, काही झालं नाही’ हा दिलासा खरा मानू नका.

बहुतेक राज्यांत 10 चौरस मीटरपर्यंतचा घट्ट पत्रा घरमालकाला स्वतः काढायची मुभा आहे. आमचं सांगणं एवढंच, की ती वापरू नका. कॅनबेरात तर तीही नाही. तिथं माळ्यावर ॲस्बेस्टॉसचे सैल तंतू ओतलेली सुमारे हजार घरं सरकारनं 2014 नंतर विकत घेतली आणि जवळपास सगळी पाडली. परवानाधारक माणूस बोलवा, त्याचा परवाना स्वतः तपासा आणि काम झाल्यावर जागा स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र घ्या. ओळखीतला कुणी निम्म्या पैशांत शनिवार-रविवारात बाथरूम फोडून देतो म्हणाला, तर त्याच्याही जिवासाठी नाही म्हणा.

आता गावाकडचं, कारण आमच्याकडं सर्वांत जास्त विचारणा त्याचीच होते. इथून पैसे पाठवून आईबाबांच्या घरावर स्लॅब टाकायचा असतो, जुने पत्रे उतरवायचे असतात. भारतात हे पत्रे आजही उघड विकले जातात, त्यामुळं तिथं सारी काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. काम मे महिन्यात काढू नका. 45 अंशांच्या पुढच्या उन्हात मारलेलं पाणी टिकत नाही. धान निघाल्यावर, हिवाळ्यात काढा. पत्रा आधी भिजवायचा, बोल्ट काढायचे, अख्खा पत्रा दोराने खाली सोडायचा, वरून फेकायचा नाही. जुना पत्रा पायाखाली एकदम मोडतो, म्हणून माणसाला फळी टाकूनच चढू द्या. तोंडाला बांधलेला दुपट्टा हे तंतू अडवत नाही. मजुरांच्या चांगल्या मास्कचा खर्च आपण करायचा, मजुरीतून कापायचा नाही. त्यांचे धुळीचे कपडे घरी धुवायला जाऊ देऊ नका. असे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हाच आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

फुटके तुकडे भरावात किंवा रस्त्याच्या खड्ड्यात जाऊ देऊ नका. ओले करून जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी बांधा, आणि नगरपरिषद व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला विल्हेवाटीबद्दल लेखी विचारा. धोकादायक कचऱ्याची सोय नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. उत्तर येईपर्यंत गठ्ठे पोरं-ढोरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. काम चालू असेतो आईबाबांना नातेवाइकांकडं पाठवा, विहीर आणि टाकी झाकायला लावा, आणि अंगणात झाडू न मारता पाणी मारून ओल्या फडक्यानं पुसून घ्यायला सांगा.