लेथची कुरकुर

(लाकूड कातण्याच्या छोट्या यंत्रातले झिजलेले बेअरिंग कसे ओळखावे व ते कसे बदलावे, याची माहिती या पाठात दिली आहे. घाईने केलेले काम कसे अंगाशी येते, हेही लेखकाने स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, भोवरा, लाटणे, बुद्धिबळातले प्यादे या वस्तू तुम्ही पाहिल्या आहेत. त्या इतक्या गोल आणि गुळगुळीत कशा होतात, ठाऊक आहे का? त्या लेथवर कातून तयार करतात. उर्दूत ज्याला 'खराद' म्हणतात, तेच हे यंत्र. लाकूड कातणाऱ्या कारागिराला मराठीत कातारी म्हणतात. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. त्यांतली कित्येक खेळणी अशीच कातून घडवलेली असतात.

माझ्या चाचांकडे टेबलावर मावेल एवढे छोटे लेथ होते. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते हौस म्हणून ओसरीत बसून लाकूड कातत. त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेसाठी ते बुद्धिबळाची मोहरी करत होते. शाळेतल्या सामन्यांना तीन आठवडे उरले होते. एके दिवशी लेथ कुरकुरू लागले. राजाच्या अंगावर बारीक लाटांसारख्या रेघा उमटल्या. चाचा म्हणाले, "बेअरिंग झिजले आहे. गावाहून आलो की बदलू."

बेअरिंग म्हणजे काय? लेथच्या डोक्यात एक पोलादी दांडा असतो. त्याला स्पिंडल म्हणतात. मोटर पट्ट्याने स्पिंडल फिरवते आणि स्पिंडलबरोबर लाकूड फिरते. हा स्पिंडल दोन बेअरिंगांवर टेकलेला असतो. बेअरिंगमध्ये एक आतले कडे, एक बाहेरचे कडे आणि त्या दोघांमध्ये पोलादी गोळ्या असतात. आतले कडे स्पिंडलबरोबर फिरते, बाहेरचे जागीच राहते. गोळ्या घरंगळतात, म्हणून घर्षण कमी होते. गोळ्या किंवा त्यांचा मार्ग खराब झाला, की यंत्र कुरकुरते, तापते आणि थरथरते.

पण कुरकुर ऐकली, की लगेच पाना हातात घेऊ नका. आधी दोष कोठे आहे ते शोधा. यंत्र बंद करून प्लग काढा आणि पट्टा उतरवा. मग प्लग लावून नुसती मोटर चालवा. तरीही आवाज आला, तर दोष मोटरमध्ये आहे. आवाज आला नाही, तर प्लग पुन्हा काढा आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. वाळूवरून फिरल्यासारखा खरखरीत लागतो का? वरखाली हलवला तर डुगडुगतो का? तसे असेल, तर बेअरिंग झिजले आहे असे समजा.

आता माझी चूक ऐका. चाचा परत येण्याआधीच काम उरकून त्यांना चकित करावे, असे मी ठरवले. बाजारातून नवे बेअरिंग आणले. ते स्पिंडलवर ठेवले आणि बाहेरच्या कड्यावर हातोडी मारत आत बसवले. यंत्र सुरू झाले. माझी छाती फुगली. पण आठ दिवसांत पहिल्यापेक्षा मोठी खरखर सुरू झाली.

चाचा आले. ते रागावले नाहीत. त्यांनी ते बेअरिंग काढले, त्याची रबरी चकती सुईने उचलली, गोळ्यांचा पिंजरा तोडला आणि सर्व गोळ्या एका बाजूला सरकवून कडी वेगळी केली. गोळ्यांच्या मार्गात सारख्या अंतरावर बारीक खळगे पडले होते. जितक्या गोळ्या, तितके खळगे! चाचा म्हणाले, "बेटा, तू बाहेरच्या कड्यावर ठोकलेस, पण घट्ट बसत होते आतले कडे. तुझा प्रत्येक घाव गोळ्यांनी सोसला."

मग आम्ही दोघांनी मिळून काम केले. तेही नीट लक्षात घ्या.

प्लग काढून आम्ही पट्टा उतरवला, पुलीचा स्क्रू सैल केला आणि स्पिंडलचे नट काढले. प्रत्येक भाग काढला, त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवला. स्पिंडल बाहेर काढताना त्याच्या टोकावर लाकडी ठोकळा धरून ठोकले. लोखंडी हातोडी सरळ मारली असती, तर आटे बिघडले असते. टाकून द्यायच्या बेअरिंगला मार बसला तरी चालतो. स्पिंडलला बसता कामा नये.

बेअरिंगच्या कड्यावर आकडा कोरलेला असतो. आमच्या बेअरिंगवर ६२०४ होता. शेवटच्या ०४ ला ५ ने गुणा. उत्तर २० येते, म्हणजे भोक २० मिलिमीटरचे. त्याचा बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४ मिलिमीटर असते. गुणाकाराची ही रीत ०४ आणि त्यापुढच्या अंकांना लागू पडते. ०२ असेल, तर भोक १५ चे आणि ०३ असेल, तर १७ चे असते. लाकडाचा भुसा आत शिरू नये, म्हणून दोन्ही बाजूंना रबरी चकती असलेले बेअरिंग घ्यावे. आम्ही दोन्ही बेअरिंग एकदमच बदलली.

चाचांनी स्पिंडल पुसून रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. थंडीने पोलाद किंचित आकसते. सकाळी त्यावर तेलाचे बोट फिरवले. मग आतल्या कड्यावरच टेकेल असा पाइपचा तुकडा ठेवून बेअरिंग हळूहळू सरळ दाबले. नियम सोपा आहे. जे कडे घट्ट बसवायचे, त्याच कड्यावर जोर द्यावा. स्पिंडलवर चढवताना आतल्या कड्यावर, लेथच्या डोक्यात बसवताना बाहेरच्या कड्यावर. दोन्ही एकदम बसवायची असतील, तर दोन्ही कड्यांवर टेकेल अशी सपाट चकती घ्यावी.

शेवटी पट्टा चढवला. तो फार ताणू नये; जास्त ताणाने नवे बेअरिंगही लवकर झिजते. दहा मिनिटे यंत्र सर्वांत कमी वेगाने चालवले. बेअरिंगच्या घराला बाहेरून हात लावला, तेव्हा ते किंचित कोमट लागले. आवाज मात्र अगदी मऊ होता.

मित्रांनो, हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करा. लेथजवळ सैल बाही किंवा ओढणी असू नये. डोळ्यांवर चष्मा लावा.

सामन्यांच्या आदल्या दिवशी शेवटचा राजा तयार झाला. त्याच्या अंगावर एकही रेघ नव्हती. रेघांचा तो पहिला राजा आजही माझ्या टेबलावर आहे. कधी काम उरकण्याची घाई झाली, की मी त्याच्याकडे पाहतो.

शब्दार्थ
कातणे – (येथे) लाकूड फिरवत ठेवून हत्याराने तासणे
मोहरी – बुद्धिबळातल्या सोंगट्या (एकवचन – मोहरे)
घर्षण – एकमेकांवर घासले जाणे
आटे – स्क्रूवरच्या फिरत्या खाचा
खळगा – लहान खड्डा
आकसणे – आकाराने लहान होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चाचा कोणासाठी मोहरी करत होते?
(आ) चाचांनी स्पिंडल रात्रभर कोठे ठेवला?
(इ) पट्टा फार का ताणू नये?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दोष मोटरमध्ये आहे की बेअरिंगमध्ये, हे कसे ओळखावे?
(आ) लेखकाने बसवलेले बेअरिंग लवकर का बिघडले?
३. बेअरिंगवर ६२०५ हा आकडा आहे. त्याचे भोक किती मिलिमीटरचे असेल?
४. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : अंगाशी येणे, छाती फुगणे, चकित करणे.
५. विरुद्धार्थी शब्द लिहा : झिजलेले, सैल, गुळगुळीत, सावकाश.
६. उपक्रम : जवळच्या सुताराकडे किंवा सायकल दुरुस्तीच्या दुकानात जा. बेअरिंग कोठे कोठे वापरतात, ते विचारून वहीत लिहा.