पायांवरील इसब

इसब म्हणजे काय, तो कशानें होतो, आणि एकापासून दुसऱ्यास जडतो कीं काय, हे तीन प्रश्न खेड्यांतील उपदेशकांस वारंवार विचारले जातात. तिसऱ्याचें उत्तर आधीं देतों, कारण त्याच्याच भीतीनें रोग्यास अधिक सोसावें लागतें. इसब स्पर्शानें जडत नाहीं. इसब झालेल्या बहिणीजवळ एका चटईवर बसल्यानें, तिच्या हातचें पाणी प्याल्यानें, किंवा प्रभुभोजनांत एकाच पेल्यास ओठ लावल्यानें तो कोणासहि होत नाहीं. तेव्हां उपासनेच्या वेळीं तिनें दाराशीं कां बसावें?

तो पापाची शिक्षाहि नव्हे. ईयोब राखेंत बसून खापरीनें अंग खाजवीत होता, तेव्हां त्याच्या मित्रांनीं त्याच्या दुःखाचें मूळ त्याच्या पापांत शोधलें. परंतु शेवटीं देवाचा कोप त्या मित्रांवरच झाला, हें वाचकांस ठाऊक आहे.

आतां कारण पाहूं. आपली कातडी सारवलेल्या भिंतीसारखी आहे. तिच्यांतील स्निग्ध अंश सारवणाचें काम करितो. तो नाहींसा झाला म्हणजे कातडी कोरडी पडून तडकते, बाहेरचे त्रासदायक पदार्थ आंत शिरतात, आणि लाली, खाज, बारीक फोड व लस हीं दिसूं लागतात. कित्येकांची कातडी जन्मतःच नाजूक असते. अशांच्या घराण्यांत बहुधा दमाहि आढळतो. इतरांस भातलावणीचा चिखल, सिमेंट, कडक साबण किंवा थंडीची कोरडी हवा बाधते. कधीं कधीं दोष चपलेचा असतो. रबरांतील रसायनें व चामडें कमावतांना वापरलेला क्रोम हीं कित्येकांस सोसत नाहींत. अशा वेळीं इसबाची आकृति चपलेच्या पट्ट्याशीं जुळते. मग मलम कितीहि लावा, ती चपल सुटल्यावांचून गुण येत नाहीं. खाजविल्यानें कातडी जाड होते, व जाड कातडी अधिक खाजते.

परंतु पायावरचा प्रत्येक चट्टा इसब नव्हे. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी व भिजल्यासारखी झाली तर त्या चिखल्या होत. कडेला उठाव व मध्यें मोकळी जागा असें वाटोळें मंडल दिसल्यास तें गजकर्ण. घरांतील अनेकांस रात्रीं खाज सुटते ती खरूज. हे तिन्ही मात्र जडतात.

आणखी एका चट्ट्याविषयीं उपदेशकांनीं विशेष सावध असावें. इसब खाजतो, जो चट्टा खाजत नाहीं, फिकट किंवा तांबूस आहे व बधिर आहे, त्याची परीक्षा करावी. रोग्यास डोळे मिटावयास सांगून कापसाचा धागा त्या जागीं हळूच लावावा, व कोठें लागला तें बोटानें दाखवावयास सांगावें. (तळव्याची कातडी जाड असल्यामुळें तेथें ही परीक्षा फसते.) दाखवितां न आल्यास कुष्ठरोगाचा संशय धरून त्यास सरकारी आरोग्यकेंद्रांत न्यावें. त्या रोगाचे जंतु हान्सेन ह्या नॉर्वेच्या वैद्यानें 1873 सालीं शोधले. आज 6 किंवा 12 महिन्यांच्या औषधानें तो बरा होतो, व औषध फुकट मिळतें. लाजेनें चट्टा झांकून ठेवणाऱ्याचीं बोटें मात्र गेलीं तर परत येत नाहींत.

घरगुती उपायांत बिब्ब्याचें नांव प्रथम घेतलें जातें. पायांस भेगा पडल्या कीं बिब्बा तापवून त्याचें तेल भरण्याची चाल जुनी आहे. पण ज्या रसानें परीट कपड्यांवर न जाणारी खूण करितात, तोच हा रस. तो कातडी जाळतो, व इसबावर लावल्यास साध्या खाजेचा मोठा व्रण होतो. रुईचा चीक व रॉकेल हींहि तशींच घातक. दुकानांतून विचारून आणिलेलीं स्टिरॉइडयुक्त मलमें गजकर्णावर लावल्यास खाज थांबते, पण रोग आंतल्या आंत पसरतो. वैद्यानें इसबासाठीं तेंच औषध दिलें तर सांगितले तितके दिवस निर्भयपणें लावावें.

रोजचा उपाय अगदीं साधा आहे. पाय कोमट पाण्यानें धुवावे, साबण थोडा वापरावा, मऊ फडक्यानें टिपावे, चोळूं नयेत. आणि ओल पुरती सुकण्यापूर्वींच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावावें. रात्रीं पुन्हा लावून सुती मोजे घालावे. नखें कापलेलीं असावीं. खाज सुटल्यास ओलें गार फडकें ठेवावें. इसब बरा दिसला तरी तेल सोडूं नये. बहुतेकांची चूक येथेंच होते.

पू, पिवळ्या खपल्या, सूज किंवा ताप आल्यास त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. मधुमेह असलेल्यानें तर पायावरच्या लहान भेगेचीहि हयगय करूं नये. दवाखान्यांत जातांना नेहमींच्या चपला व आजवर लावलेल्या मलमांच्या नळ्या बरोबर न्याव्या. रोग्याच्या सांगण्यांत राहून गेलेलें पुष्कळसें वैद्यास त्यांवरून कळतें.