बोर्डो मिश्रण : आम्ल-विम्लाचा मेळ साधा, पाने वाचवा

द्राक्ष बागायतदार बंधूंनो, नाशिक जिल्ह्यात बोर्डो मिश्रण कोणाला नवे नाही. केवड्याच्या (डाऊनी मिल्ड्यू) बंदोबस्तासाठी ते पूर्वीपासून वापरात आहे. तरीही मोरचूद व चुन्याचे प्रमाण सारखेच घेऊन एकाच्या बागेत रोग आटोक्यात येतो आणि दुसऱ्याच्या बागेत पाने करपतात. असे का व्हावे? याचे उत्तर आपली मुले शाळेत शिकतात त्या आम्ल, विम्ल व उदासिनीकरणाच्या धड्यात आहे.

आम्ल आणि विम्ल म्हणजे काय?

लिंबू, चिंच, आंबट ताक हे आम्लधर्मी पदार्थ. चुना, धुण्याचा सोडा, लाकडाची राख हे विम्लधर्मी. त्यांची तीव्रता सामूने मोजतात. सामू 7 म्हणजे उदासीन, त्यापेक्षा कमी म्हणजे आम्ल व जास्त म्हणजे विम्ल. सामू एका अंकाने बदलला की तीव्रता दहापट बदलते, हे ध्यानात ठेवावे. आम्लात निळा लिटमस कागद लाल होतो, तर विम्लात लाल लिटमस निळा होतो. आपली हळदही विम्ल ओळखते. हळदीला चुना लागताच ती लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत हीच.

मिश्रणात काय घडते?

मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते. त्यातील मोकळे तांबे पानांना भाजते. चुन्याचे पाणी तीव्र विम्ल असते. दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र आले की एकमेकांचा जोर मोडतो. यालाच उदासिनीकरण म्हणतात. तांबे अविद्राव्य रूपात बारीक निळ्या साक्यात उतरते व सोबत जिप्सम तयार होते. हा साका पानावर चिकटून राहतो आणि त्यातून तांबे हळूहळू मिळत राहिल्याने बुरशीचे बीजाणू मरतात. फ्रान्समधील बोर्डो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी 1885 मध्ये हा उपाय जाहीर केला. चोरांना दूर ठेवण्यासाठी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, त्या वेलींची पाने केवड्यातून वाचलेली त्यांनी पाहिली होती.

चूक कोठे होते?

चूक बहुधा चुन्यात असते. कळीचा चुना उघड्यावर पडून राहिला की हवेतील ओल व कार्बन डायऑक्साईड शोषून त्याची भुकटी होते आणि आम्ल मोडण्याची ताकद घटते. वजन एक किलो भरले, तरी काम एक किलोचे होत नाही. म्हणून केवळ वजनावर विसंबू नये.

एक टक्का मिश्रणाची कृती

1. एक किलो मोरचूद फडक्यात बांधून 50 लिटर पाण्यात रात्रभर टांगून ठेवावे. भांडे प्लॅस्टिकचे असावे, लोखंडाचे किंवा जस्ताचे नको.
2. एक किलो ताजा कळीचा चुना थोड्या पाण्यात विझवावा. उष्णता निघते, म्हणून डोळे सांभाळावेत. थंड झाल्यावर पाणी 50 लिटर करून गाळून घ्यावे.
3. दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून लाकडी काठीने ढवळावीत.

फवारणीपूर्वी परीक्षा

घासून स्वच्छ केलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजावे. निळा लिटमस लाल झाला तरी तोच अर्थ. अशा वेळी चुन्याचे पाणी थोडे थोडे घालून पुन्हा तपासावे. मिश्रण उदासीन किंवा किंचित विम्लधर्मी असावे. चुना फार झाला तर तांबे मिळण्यास उशीर होतो व नोझल तुंबते.

मिश्रण त्याच दिवशी वापरावे आणि त्यात दुसरे औषध मिसळू नये. पाने ओली असताना व ढगाळ, गार हवेत फवारणी टाळावी, कारण मिश्रण वाळण्यास उशीर लागला की करपण्याचा धोका वाढतो. घड काढणीस आले असता फवारू नये, मण्यांवर डाग राहतात.

मोरचूद विषारी आहे, मुलांना हाताळू देऊ नये. मात्र लिटमसचा रंग कसा बदलतो, हे त्यांना जरूर दाखवावे. शाळेतला धडा आपल्याच बागेत कामी येतो, हे त्यांच्या लक्षात राहील. आणि दोन मिनिटांच्या या परीक्षेने आपल्या बागेची पानेही वाचतील.